आधी पाटी की आधी झाड

माझी थोरली जाऊ, म्हणजे वहिनी, आणि मी, आम्हा दोघींना भांडायला घर पुरत नाही म्हणून आम्ही बागेत जातो, असं आमचे हे सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे आम्ही फोटो काढायला जात होतो. बसने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी जेवढी वनस्पती उद्यानं होती, ती सगळी आम्ही पालथी घातली होती.

कॅमेरा एकच, माझ्या दिरांचा. ते होते तोवर त्यांनी त्यातून फक्त नातेवाइकांची डोकी उडवली. ते गेले, त्यानंतर वहिनी कितीतरी महिने खिडकीशी खुर्ची टाकून नुसत्या बसून होत्या. मग एक दिवस त्यांनी कॅमेरा कपाटातून काढला आणि मला म्हणाल्या, "चल, झाडांचे काढू. माणसं नकोत बाई. हलतात."

पाळ्या ठरलेल्या होत्या. फाटकापासून काचघरापर्यंत कॅमेरा वहिनींकडे, काचघरापासून पुढे माझ्याकडे. काचघराशी बाक असतोच. तिथे त्या बसायच्या, कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घालायच्या, आणि मी पहिला फोटो त्यांचाच काढायची. "थांब मेले, घाम तरी पुसू दे," म्हणेपर्यंत काढून झालेला असायचा.

भांडण असायचं ते पाटीवरून. घरी आल्यावर हे कुठलं नि ते कुठलं कळेनासं होतं, म्हणून झाडाबरोबर त्याच्या नावाच्या पाटीचाही फोटो घ्यायचा. मी आधी पाटी घ्यायची, मग झाड. वहिनी आधी झाड, मग पाटी.

"आधी नाव तर कळू दे," मी म्हणायची.

"दारात आलेल्या माणसाला तू आधी आडनाव विचारतेस का गं? आधी या, बसा म्हणावं."

"आणि पाटी घ्यायची राहिली तर?"

"पाटी कुठे पळून जातेय?"

"मग झाड तरी कुठे पळून जातंय?"

एवढं झालं की त्या पुढे चालू लागायच्या.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, आणि त्यांच्या मुलाने ठरवून टाकलं की आईने आता त्याच्याकडे, त्याच्या गावी राहायचं. मुलगा गुणाचा आहे, वाईट काही नव्हतं त्यात. पण बांधाबांध चालू असताना वहिनी माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि चिरलेल्या भाजीशेजारी कॅमेरा ठेवून म्हणाल्या, "हा तुला."

"तुम्ही नाही नेणार? तिथेही उद्यान असेल की."

"असेल. पण एकटीने झाडं बघत हिंडायला मला काय वेड लागलंय? बसेन आपली खिडकीशी."

ती खिडकी मी एकदा पाहिली होती. गुडघ्यांची मला एवढी भीती वाटली नव्हती.

म्हणून मी गुपचूप आमच्या सगळ्या फोटोंचं पुस्तक करायला टाकलं. ते बघून त्यांचे हात शिवशिवतील आणि कॅमेरा आपोआप पिशवीत जाईल, असा माझा डाव. फोटोवाल्याला समजावून सांगितलं, आधी पाटी येते, पाठोपाठ तिचं झाड, तशी एकेका पानावर जोडी लावा. तो म्हणाला, काळजी नको. पुस्तक हातात पडलं ते नेमकं त्या निघायच्या दिवशी, गाडी दारात उभी असताना. मी कागदसुद्धा न फाडता तसंच त्यांच्या मांडीवर ठेवलं.

वहिनींनी कागद फाडला, चष्मा लावला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. कपाळाला आठी.

"हा बांबू आहे?"

मी वाकून पाहिलं. पाटी बांबूची, खाली तळ्यातलं कमळ. पुढे पाटी कमळाची आणि खाली नेच्याची जाळी. आधी पाटी ही माझी रीत, त्यांची नव्हेच! त्यांनी काढलेल्या प्रत्येक झाडाला आधीच्या झाडाचं नाव चिकटलं होतं. आणि त्यांच्या पाळीतली शेवटची पाटी झाली, की त्यापुढचा फोटो बाकावरचा.

मुलगा आईच्या खांद्यावरून वाचत होता. "निवडुंग. वाढ मंद. हात लावू नये." खाली वहिनी, घाम पुसताना. "आई, काकूने तुला बरोबर ओळखलंय."

वहिनी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे टिपावे लागले. एका पानावर त्या आमरी, म्हणजे ऑर्किड, होत्या, एका पानावर 'खतासाठी उपयुक्त'. मी मात्र रडकुंडीला आले होते.

"माझे सगळे चुकवलेस," त्या म्हणाल्या. "तुझे तेवढे बरोबर!"

"तुम्ही आधी पाटी घेतली असती तर..."

"आता जातानाही तेच?"

मुलाने दारात हॉर्न वाजवणाऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. वहिनी उठल्या, पुस्तक काखेत मारलं, तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि कॅमेरा गळ्यात अडकवूनच बाहेर आल्या. "हा हिच्याकडे ठेवला तर ही माझं आणखी काय काय करेल देव जाणे."

मी जिंकले असं मला वाटलं. पण त्यांच्या मुलाला फोन केला की तो म्हणे, बरी आहे, खिडकीशी बसलीय. कॅमेरा? कॅमेरा खुंटीला आहे काकू. पुढच्या फोनला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मी विचारणंच सोडून दिलं.

मग एके दिवशी मी कपडे वाळत घालत असताना मोबाइलवर एक फोटो आला. नुसती पाटी. 'पिवळी लिली', मागे मोकळी माती, आणि कोपऱ्यात लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा. पाठोपाठ फोन.

"पोचली का पाटी?"

"पोचली. वहिनी, तुम्ही आधी पाटी?"

"जास्त बोलू नकोस. झाडच नाहीये इथे! माळी म्हणतो, कंद जमिनीखाली झोपलाय, उठला की फूल येईल. कधी ते विचारलं तर म्हणतो, येऊन बघत राहा."

"मग?"

"मग काय! येत राहायला लागणार. इथल्या बाकाची एक फळी तुटलीय, तेही सांगायचंय त्याला," वहिनी म्हणाल्या. "आणि हसू नकोस, मला ऐकू येतंय."