गुडघाभर पाणी

माझा स्वभाव तापट, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी आमच्या होडीने माझा जो अंत पाहिला, तो सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्यांनीसुद्धा पाहिला नव्हता.

आमची कामाची वाटणी ठरलेली. मासे मारून ह्यांची होडी परतली की मी जीप उलटी घेऊन मागचा होडी वाहायचा ट्रेलर उतारावरून पाण्यात सोडायचा, आणि ह्यांनी होडी सरळ त्यावर आणून बसवायची. एका दमात! बघणारे तोंडात बोट घालायचे. मग वर्षापूर्वी ह्यांना झटका आला आणि डावा हात लुळा पडला. त्यातून उठले, होडीवरही परत गेले. पण तेव्हापासून होडी काही केल्या ट्रेलरवर सरळ बसेना. दर वेळी डावीकडे कललेली.

त्या दिवशी तिसऱ्यांदा वाकडी बसली, तेव्हा ह्यांनी इंजिनच बंद केलं.

"भाच्याला फोन कर. घेऊन जा म्हणावं होडी."

"अहो, काहीतरीच काय!"

"माझ्या हातात राहिलं नाही गं आता."

होडी गेली तर हा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसणार, हे मला लख्ख दिसलं. "डोंबल तुमचं!" म्हणत मी जीपमधून उतरले आणि होडी ढकलायला तरातरा पाण्यात शिरले. तर पाणी कमरेला! पूर्वी ट्रेलरपाशी माझे गुडघे जेमतेम भिजायचे.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ह्यांचा नियम होता, ट्रेलरच्या चाकाचा वरचा काठ भिजला की थांबायचं. मग होडी ज्यांवर टेकते त्या ट्रेलरच्या दोन्ही फळ्या अर्ध्या पाण्याबाहेर राहतात आणि होडी आपसूक त्यांच्या मधोमध बसते. शेवटची हातभर तेवढी ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं हँडल फिरवून, पट्ट्याने ओढून घ्यायची. ह्यांच्या त्या लुळ्या हाताला ते ओढणं नको, होडी तरंगतच पुढपर्यंत यावी, म्हणून मी वर्षभर ट्रेलर खोल नेत होते. फळ्या बुडालेल्या, होडी अधांतरी, आणि वारा तिला डावीकडे नेत होता.

"अहो, तुमचं काही चुकत नाहीये!" मला रडूच फुटलं. "मीच ट्रेलर खोल नेतेय."

"कशासाठी?"

"तुमच्या हातासाठी, दुसरं काय!"

"आणि मी वर्षभर कुढतोय," हे म्हणाले. मग इंजिन सुरू करून होडी मागे घेतली. "जा, ट्रेलर दोन हात वर घे."

घेतला. होडी आली आणि सरळ बसली. एका दमात.

हँडल फिरवायला मी धावले, तर हे पुढून उतरून आधीच तिथे उभे. डावा हात हँडलवर ठेवला, त्यावर उजवा. एक फेरा, मग दम, मग दुसरा. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

होडी पुढे टेकल्यावर ह्यांनी घाम पुसला, डाव्या हाताने.

"भाच्याला फोन लावू?" मी विचारलं.

"लाव की. म्हणावं, मासे घेऊन जा."