मनोरीला वाजलेलं घुमट

घाटकोपरच्या चाळीत एकच खोली, तिच्या मधोमध एक पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे सासूबाई. लग्नाला वर्ष होत आलं तरी जयंतीचं नवऱ्याबरोबर कुठे फिरणं म्हणून झालं नव्हतं. त्यामुळे साकीनाक्याच्या कारखान्याला शनिवारची सुट्टी पडली आणि शिवदास हळूच म्हणाला, "मनोरीला जाऊ या गं, होडीतून," तेव्हा तिला काय करू नि काय नको असं झालं. ठेवणीतली मोरपंखी साडी निघाली, वेणीला अबोली आली.

आणि निघायच्या वेळी पाहते तर सासूबाई, म्हणजे सखुबाई, पिशवीत भाकऱ्या बांधून, चपला घालून दारात उभ्या!

"माका काय घरात ठेवन जातास? चला, उन्हा वाढतली."

शिवदासने बायकोकडे अपराध्यासारखं पाहिलं. जयंतीने पदर सावरला. सासूबाई म्हणजे करडं प्रकरण. मालवणकडून येऊन इतकी वर्षं झाली, पण चाळीत कोणी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. आता दिवसभर पदर सावरा आणि हळू बोला!

पण मार्व्याच्या धक्क्यावर खारा वारा तोंडावर आला आणि जयंती रुसायचंच विसरली. होडीत कोळणींच्या रिकाम्या पाट्या, दोन सायकली, एक बकरी आणि हे तिघं. खाडीचं पाणी उडालं तशी ती किंचाळली, मग घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. सखुबाई हात पाण्यात बुडवून बसल्या होत्या.

पलीकडे टांगा उभा होता. टांगेवाला इसिडोर, पांढऱ्या मिशांचा, डोक्यावर फेल्टची टोपी. "बसा बसा! सगळा गाव दाखवतो. पण पटपट हां. आज माझ्या भाचीचं उंबराचं पाणी हाय."

"म्हणजे काय हो?" जयंतीने विचारलं.

"उद्या तिचं लग्न. आज संध्याकाळच्या आत विहिरीवरनं वाजतगाजत पाणी आणायचं, त्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. आमची चाल ती, आजा-पणजापासूनची."

टांगा निघाला. पांढरंशुभ्र चर्च पाहिलं, आत मेणबत्त्यांचा वास आणि गारवा. फुलांच्या माळा घातलेले दगडी क्रूस पाहिले. बांबूंवर ओळीने वाळत घातलेले बोंबील पाहून शिवदास म्हणाला, "आई, आपल्या गावासारखंच ना?" सखुबाई नुसत्या मान हलवत होत्या, पण डोळे लहान मुलीसारखे भिरभिरत होते. सुरूच्या झाडांमधून अचानक समुद्र दिसला तेव्हा जयंती चालत्या टांग्यातूनच उडी मारायला निघाली. "अगं, थांब!" म्हणत शिवदासने तिचा हात धरला, आणि आईसमोर तो सोडायचं विसरला.

वाळूत बसून भाकऱ्या खाल्ल्या. परत निघाले तर इसिडोर म्हणाला, "आता घाई नको करू. ओहोटी लागली, होडी चिखलात. भरती येईपर्यंत माझ्या बहिणीकडे चला, पाणी प्या."

बहिणीचं, उर्सुलाचं, घर मांडवाने सजलेलं. पण मांडवात आनंद कुठला! लुगडी नेसलेल्या, अंबाड्यात फुलं माळलेल्या बायका हवालदिल होऊन बसल्या होत्या. बॅण्डवाले मालाडहून यायचे होते, ते पलीकडच्या धक्क्यावर अडकले. नवरी मार्सेलिना डोळे पुसत होती.

"वाजाप नाही तर पाणी कसं आणायचं?" उर्सुला कपाळाला हात लावून म्हणाली. "मयताला गेल्यासारखं मुक्यानं जायचं विहिरीवर?"

"बापाचं घुमट हाय ना घरात," इसिडोर म्हणाला.

"हाय. वाजवणार कोण? बाप तर गेला."

कोणीतरी ते आणलं. मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं ताणलेलं. गावातल्या दोघा-तिघांनी थापा मारून पाहिल्या. फटफट आवाज निघाला, पोरं हसली.

इतक्यात जयंतीच्या शेजारून आवाज आला, "हाड रे हयसर, दी माका!"

सखुबाईंनी घुमट मागून घेतलं. पदर खोचला, मडकं डाव्या बगलेत धरलं, मोकळ्या तोंडावर डावा तळवा ठेवला आणि उजव्या बोटांनी हलकेच टिचकी मारली. घूंऽऽ! हसणाऱ्या पोरांनी वळून पाहिलं. मग दुसरी थाप, तिसरी, आणि मग असा ठेका सुरू झाला की उर्सुलाचे पाय आपोआप हलायला लागले.

"आई?" शिवदास आ वासून पाहत होता.

"माझ्या बापाशीन शिकवल्यान," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "गणपतीक वाजवी मी. लगीन झाला नि सुटला. बघतस काय? चला विहिरीर!"

मिरवणूक निघाली. पुढे घुमट वाजवत सखुबाई, मागे कळशी घेतलेली उर्सुला, तिच्या मागे गाणी म्हणणाऱ्या बायका. घराघरातून माणसं बाहेर आली. विहिरीपाशी ठेका चढला तशी एका म्हातारीने जयंतीला हाताला धरून फेरात ओढलं. तिने घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. सखुबाई घामाने निथळत होत्या, केस सुटले होते, आणि त्या हसत होत्या. मोठ्याने, तोंड उघडून!

"नाच गो, चेडवा! उभी काय रवलंस?"

मग जयंती नाचली. मोरपंखी साडीला चिखल लागला, अबोली गळून पडली, तरी ती नाचली. सासूने ठेका वाढवला की ही गिरकी घेई, हिने गिरकी घेतली की सासू आणखी वाढवी. शिवदास बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याच्याकडे पाहायला दोघींनाही वेळ नव्हता. पाणी मांडवात आलं तेव्हा मार्सेलिनाने सखुबाईंना मिठी मारली, आणि उर्सुलाने तिघांच्या हातात गरम फुगे दिले, पिठाचे, गोडसर, टम्म फुगलेले.

भरती आल्यावर इसिडोरने त्यांना धक्क्यावर सोडलं. समोरून येणाऱ्या होडीतून बॅण्डवाले उतरत होते, कर्णे आणि ढोल डोक्यावर घेऊन. "आता आलात!" इसिडोर ओरडला. "वाजवलं आमच्या बायने!" मग सखुबाईंकडे वळून म्हणाला, "उद्या लग्नाला या हां. नाही आलात तर मार्सेलिना रुसंल."

होडी निघाली. सखुबाई लाल झालेले तळवे खाऱ्या पाण्यात बुडवून गार करत होत्या. जयंती त्यांना टेकून बसली होती. कधी टेकली, तिलाही कळलं नव्हतं.

"उद्या येऊया," सखुबाई म्हणाल्या.

"उद्या कारखान्यात माझी पाळी आहे, आई," शिवदास म्हणाला. "जमणार नाही."

"तुका कोण बोलवता? तू जा कामार. आमी दोगी येतलंव." आणि सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, "काय गो?"

"सकाळच्या पहिल्या होडीने," जयंती म्हणाली.