सातवा डबा

"सहाच हायेत. सातवा कुठी गेला?" पाठीवरचा फवारणीचा पंप न उतरवताच देवमननं विचारलं.

बांधावर बसलेला सालगडी गोविंदा गडबडला. "काल मालकिनीनं मागतला. घरी महालक्ष्म्या हायेत, तेलाले डबा पाह्यजे होता. म्या देल्ला. काहून रे?"

देवमननं पंप खाली ठेवला आणि तो गावाकडे पळत सुटला.

रिठदच्या शिवारात एंड्रिन हे कपाशीवरचं जहाल औषध येऊन चार वर्षं झाली होती. त्याचे घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे रिकामे झाले की बायांना सोन्यासारखे वाटत. डब्यावरची कवटी सगळ्यांनीच पाहिली होती. तिच्याखालची बारीक अक्षरं चौथी शिकलेल्या देवमननं वाचली होती. तेव्हापासून तो औषध कुलपात ठेवी, पंप विहिरीपासून लांब धुई, आणि रिकामा डबा सब्बलीनं फोडून कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरी. "देवमन डब्यायचं मयत करून राह्यला," म्हणत गडी हसत.

मालक जानरावांच्या परसात चुलवणावर कढई चढली होती. सोवळ्याचा दिवस, बौद्धवाड्यातल्या माणसानं फाटकाशीच थांबायचं. मालकीण मनकर्णाबाईंनी तेलाचा डबा उचललेला दिसला तसा देवमन तिथूनच ओरडला, "बाई, ओतू नोका! इखाचा डबा हाय थो!"

"तीन खेपा राखेनं घासला म्या. तू बाहीर हो आधी!"

"राखेनं नाही जात थे."

"पन्नास पानं उठाची हायेत आज. सनाच्या दिवशी अभद्र नोको बोलू." त्यांनी डबा कलता केला.

देवमन फाटक ओलांडून आत शिरला. त्यानं डब्याला हात घातला आणि तेल सगळं मातीत सांडलं.

बाया किंचाळल्या. जानराव धावत आले, त्यांनी त्याची गचांडी धरली. "उद्यापासून वावरात पाय ठेवजो नोको!"

"नाही ठेवत, मालक. पन आधी वास घ्या."

जानराव वाकले. शेंगदाण्याच्या तेलाखालून फवारलेल्या कपाशीचा उग्र दर्प आला. गचांडी सुटली. मग स्वयंपाकाच्या बायांपैकी एकीला ते खालच्या आवाजात म्हणाले, "रुपाबाई, दुकानातून दुसरं तेल आना. घरच्या भांड्यात."

देवमननं कुदळ मागून घेतली. कोंबड्या-कुत्री चाटतील म्हणून तेलानं भिजलेली माती त्यानं खरवडली, घमेल्यानं परसामागच्या पडीक जागेत नेली, खोल खड्डा खणून त्यात टाकली. डबा फोडून त्या मातीवर ठेवला. आत उशिरा पंगत बसली. त्याला कुणी हाक मारली नाही.

तो खड्ड्याशी उभा असताना मनकर्णाबाई कळशी आणि साबण घेऊन एकट्याच आल्या.

"हात धू. कोपरापातूर."

"पानी खड्ड्यातच पडू द्या, बाई. इकडं या जरा."

त्या पुढं झाल्या, उकरलेल्या मातीत उतरल्या आणि वाकून त्याच्या हातांवर पाणी ओतू लागल्या. सोवळ्याच्या लुगड्याचा काठ चिखलात लोळत होता. त्यांनी तो सावरला नाही.