ओल्डेझाइलचे सहाशे चौदा

योसने दुरुस्त करून पाठवलेली फाइल आसावरीने शनिवारी सकाळी उघडली आणि तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत तिच्या मस्तकात तिडीक गेली. चहा तसाच गार झाला. सौमित्र आदल्या दिवशी ऑफिस उरकून, नोकरीसाठी तो राहायचा त्या बुइटनव्हेल्डर्टहून अडीच तासांचा प्रवास करत मास्ट्रिख्टला आला होता. दोन आठवड्यांनी भेटलेल्या बायकोबरोबर निवांत पोहे खावेत एवढीच त्या बिचाऱ्याची अपेक्षा होती, पण ती पुरी होण्याची लक्षणं दिसेनात.

"हे बघ. बर्फात माझी गाडी अडकली होती, आठवतंय? पंधरा मिनिटांत तीन ट्रक आले. कोणी दोर आणला, कोणी फावडं. मी तसंच लिहिलंय. आणि या महाशयांनी काय केलंय? ऐक. 'अनोळखी गाडी दिसताच पंधरा मिनिटांत तीन स्थानिक वाहनं तिथे हजर झाली. परक्यावर गावाची अशी नजर असते.'"

"तीन आले होते ना पण?" सौमित्र म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला पश्चात्ताप झाला.

"आले होते! मला ओढून काढायला आले होते!"

हे जे गाव, ते काही नेदरलँड्समधलं नव्हे. अमेरिकेत, मिशिगन राज्यात, मोठ्या सरोवरापासून तासाभराच्या अंतरावर ओल्डेझाइल टाउनशिप आहे. टाउनशिप म्हणजे शहर नाही आणि नीटसं खेडंही नाही. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा जमिनीचा चौकोन आखायचा आणि त्यात जो राहील तो त्या टाउनशिपचा, असा कारभार. एक सभागृह, एक चर्च, एक दफनभूमी, बाकी मका आणि ब्लूबेरीचे मळे. वस्ती सहाशे चौदा. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हॉलंडातून उठून गेलेल्या माणसांची ही पणतवंडं-खापरपणतवंडं. नावं अजून डच, भाषेचा मात्र पत्ता नाही. अशा पाच वस्त्यांचा परिचय देणारं पुस्तक योस स्मीट्स या मास्ट्रिख्टच्या प्राध्यापकाला काढायचं होतं आणि त्यातलं ओल्डेझाइलचं प्रकरण त्याने आसावरीवर सोपवलं होतं. ती तिथे आठ महिने राहून आली. योस चार दिवस गेला होता, भाड्याच्या गाडीतून, आणि दोन दिवस त्याला सर्दी होती.

त्या आठ महिन्यांत ती उतरली होती डोरीनच्या घरी. डोरीन टाउनशिपची क्लार्क, म्हणजे निवडून आलेली चिटणीस. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, सभेचं टिपण लिहिण्यापासून कबरींचा नकाशा सांभाळण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. निघताना आसावरीने तिला शब्द दिला होता : तुमच्याबद्दल जे छापलं जाईल ते आधी तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवीन, आणि तुम्ही मान्य केल्याशिवाय माझं नाव त्याला लागणार नाही. मार्चच्या शेवटच्या शनिवारी तिथे गावाची वार्षिक सभा भरते, दुपारी एक वाजता. म्हणजे इथे संध्याकाळी सहा. म्हणजे आज.

"आणि हे तर ऐकच," आसावरीने पान सरकवलं. "चर्चच्या तळघरातलं जेवण. त्या बाईने विचारलं, तू कुठल्या चर्चची? मी म्हटलं, मी हिंदू. तर ती म्हणाली, मग हा रस्सा तुला चालायचा नाही, यात गाय आहे, थांब. आणि जिना चढून स्वतःच्या घरी जाऊन माझ्यासाठी चीजचं सँडविच घेऊन आली. यावर योस लिहितो, 'ताटात अन्न पडण्याआधी तिला धर्म विचारण्यात आला.'"

सौमित्र या वेळी शहाणा झाला होता. त्याने पोह्यांची बशी पुढे ओढली.

"एक शब्द खोटा नाही यात! हीच तर हलकटपणाची कमाल आहे. कोर्टात उभा केला तर सुटेल हा माणूस."

शनिवारी डच माणसाला कामासाठी फोन करणं हा मोठा असभ्यपणा. आसावरीने तो बेधडक केला. योस कुठल्याशा टेकडीवर सायकल थांबवून उभा होता. त्याच्या धापा ऐकू येत होत्या.

"तू त्यांच्या प्रेमात पडली आहेस," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "होतं असं. तुझं प्रकरण म्हणजे आभाराचं पत्र झालंय. त्या गावात काहीच वाईट घडत नाही? सहाशे माणसं आणि सगळीच भली? मी फक्त तोल साधला."

"तुम्ही तोल साधला नाही, योस. तुम्ही इथे बसून आधीच ठरवलं होतं की ती माणसं कोती आहेत, आणि माझ्या पानांतून तेवढंच वेचलंत."

"मग वाईट काय ते तू दाखव. मी तुझंच घालतो."

यावर आसावरी थबकली. मग तिने "माझं नाव काढून टाका" असं ठणकावलं आणि फोन ठेवला.

"नाव काढून टाका?" सौमित्र आता मात्र उठला. "अगं, ऑगस्टमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय तुझं. त्या पुस्तकावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कुठल्या कोण ब्लूबेरीवाल्यांसाठी..."

"त्यांनी मला घरात घेतलं, सौमित्र. इथे या मास्ट्रिख्टमध्ये अकरा घरमालकांनी मला दारातून परत पाठवलं, परदेशी विद्यार्थी नकोत म्हणून. तिथे डोरीनने पहिल्या दिवशी किल्ली हातात ठेवली. मी असल्या माणसांची बदनामी होऊ देऊ?"

हे सगळं खरं होतं. पण ती फोनवर थबकली होती हेही खरं होतं आणि त्याचं कारण तिला चांगलं ठाऊक होतं.

टाउनशिपच्या सभांची जुनी टिपणं डोरीनने तिला वाचायला दिली होती. त्यात तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातल्या एका सभेचं पान होतं. ब्लूबेरीच्या मळ्यावर अकरा वर्षं राबलेला अबेलिनो नावाचा ग्वाटेमालाचा मजूर तिथेच वारला होता. मळ्यामागच्या छावणीत तो राहायचा. शेवटची तीन वर्षं तर हिवाळ्यातही छाटणीसाठी थांबलेला. त्याच्या बायकोने गावाच्या दफनभूमीत जागा मागितली. तिथली जागा फक्त टाउनशिपच्या रहिवाशांना मिळते असा नियम, आणि छावणीतला माणूस रहिवासी धरावा का, असा प्रश्न आला. पाच जणांच्या मंडळाने हात वर करून निकाल दिला : नाही. त्याला चाळीस मैलांवरच्या शहरात पुरलं. आसावरीने त्या पानाचा फोटो काढला, दोन रात्री तिला धड झोप लागली नाही, आणि मग लिहिताना तिने ते पान वगळलं. एका पानावरून अख्खं गाव जोखू नये, असं तिने स्वतःला सांगितलं. आपण परदेशातल्या पाहुण्या, असंही सांगितलं. खरं म्हणजे ती खाल्ल्या मिठाला जागली. आपल्याकडे हा गुण म्हणून शिकवतात, आणि अभ्यासकाच्या हातून तो घडला की त्याला काय म्हणावं हे कोणी शिकवत नाही.

सहाला पाच कमी असताना लॅपटॉपवर सभागृह दिसू लागलं. घडीच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं, मागे कॉफीचं पिंप. पहिल्या रांगेत गावाचा प्रमुख ग्लेन, ज्याने बर्फात दोर बांधला होता. कोणी हात हलवला, कोणी "आसा!" म्हणून हाक मारली. सौमित्र कॅमेऱ्याच्या बाहेर खुर्ची ओढून बसला.

तिने योसची नव्हे, स्वतःची पानं वाचली. बर्फ, दोर, सँडविच, कणसांच्या हंगामात आजारी शेजाऱ्याचं शेत सगळ्यांनी मिळून काढलं तो दिवस. माणसं हसली. एका म्हातारीने डोळे टिपले. शेवटचं वाक्य होतं : "ओल्डेझाइलमध्ये आलेल्याला कोणी परकं मानत नाही." टाळ्या पडल्या, आणि आसावरीला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

"मंजुरीसाठी मांडू या," ग्लेन म्हणाला.

"मला बोलायचंय," डोरीन उभी राहिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती नव्हती, हे आसावरीच्या आत्ता लक्षात आलं. "आसा, फार गोड लिहिलंस. पण ते शेवटचं वाक्य खोटं आहे आणि ते तुला माहीत आहे."

सभागृहात खुर्च्या करकरल्या.

"ती टिपणं मी तुला कशाला दिली? तुझी करमणूक व्हावी म्हणून? दोनशे पानांतून ऑक्टोबरचं पान मीच वर ठेवलं होतं. तू ते वाचलंस. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तू माझ्याकडे बघत नव्हतीस."

"डोरीन," ग्लेन म्हणाला, "ती कायद्याची बाब होती."

"मला ठाऊक आहे काय होती ते. टिपण मीच लिहिलंय."

आसावरीच्या कानांतून वाफा येत होत्या. राग आलाच होता तिला, पण आता तो योसवर धरावा तर धरता येईना. तोल साधणारा तो, आणि गोडवा साधणारी ही. दोघांनी आपापल्या सोयीची माणसं वेचली होती, आणि अबेलिनो दोघांच्याही पानांत नव्हता.

"मी ते घातलं," ती कशीबशी म्हणाली, "तर आमचे प्रोफेसर तेवढंच उचलतील. त्यांना हेच हवंय. ते तुम्हा सगळ्यांना..."

"उचलू दे. त्याला काय हवंय ते तो बघेल." डोरीनचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आमच्यावर दया करून तू त्या माणसाला दुसऱ्यांदा बाहेर ठेवलंस. आम्ही एकदा ठेवला, तू दुसऱ्यांदा. वाच ते पान."

"आत्ता?"

"सगळे बसलेत. आत्ताच वाच."

मागच्या रांगेतला एक जण टोपी घेऊन बाहेर पडला. बाकीचे बसून राहिले. सौमित्रने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिला तोही नकोसा झाला. तिने फोटो शोधला. डोरीनचं स्वच्छ, डावीकडे कललेलं अक्षर.

"विषय चौथा," आसावरी वाचू लागली. "मयत मजुराच्या पत्नीचा अर्ज. मयत हा रहिवासी नसल्याने अर्ज नामंजूर करावा. बाजूने : पाच." मग पाच नावं. पहिलं ग्लेनचं, दुसरं डोरीनचं. "विरोधात : कोणी नाही. चर्चा : नाही."

ती थांबली.

"पुढे वाच," डोरीन म्हणाली.

"संपलं, डोरीन. एवढंच आहे."

"त्याच पानावर खाली. पुढचा विषय."

खालचा भाग आसावरीने कधी वाचलाच नव्हता. तिने फोटो मोठा केला.

"विषय पाचवा," तिने वाचलं. "दफनभूमीतलं गवत कापण्यासाठी नवीन यंत्र. चर्चा : पस्तीस मिनिटं."