वकील जागेवर आहेत

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तीन टेबलं, दोन फोन आणि सरकारनं निवडणुकीत दिलेली एकशे बारा वचनं राहत होती. कुठलं वचन पाळलं आणि कुठलं मोडलं, याची नोंद ठेवणारी ती छोटी संस्था. तिथं सत्तेचाळिसावं वचन बरोबरबाईंच्या ताब्यात होतं. बाईंचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतरही हातातली लाल-हिरवी पेनं सुटली नाहीत, म्हणून हे नाव पडलं.

सत्तेचाळिसावं वचन असं: मोफत कायदेशीर मदतीचा निधी दुप्पट करू, गरिबाला वकील मिळेलच. निधी दुप्पट झाल्याचं छापूनही आलं. पण छापलेल्यावर विश्वास ठेवतील तर त्या बरोबरबाई कसल्या! त्यांनी स्वतःची कसोटी काढली. रोज अकराच्या ठोक्याला मदत केंद्रात फोन लावायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "वकील जागेवर आहेत का?" आहेत, तर हिरवी खूण. नाहीत, तर लाल. मधलं काही नाही.

पहिला महिना सगळा लाल गेला. वर्तमानपत्रांनी तो छापला, मंत्र्यांची पुरती नाचक्की झाली आणि पुढच्या सोमवारपासून जे हिरवं सुरू झालं ते सात महिने हिरवंच. सरकारला वठणीवर आणणं इतकं सोपं असतं हे इतरांना कसं कळलं नाही, याचं बाईंना मनातून नवल वाटे.

मग एका संध्याकाळी धाकटी बहीण रडत आली. तिचं शिवणकामाचं दुकान बावीस वर्षांचं, आणि जागेच्या मालकानं ते खाली करून मागण्यासाठी दावा लावलेला. दोन तारखा तिनं एकटीनंच कोर्टात उभं राहून काढल्या होत्या. आता न्यायाधीशांनी बजावलं होतं, की गुरुवारी अकराला पुकारा होईल, तेव्हा वकील नसला तर निकाल देऊन टाकू.

"रडतेस काय वेड्यासारखी!" बाई म्हणाल्या. "सात महिने हिरवं आहे माझ्याकडे. चल."

केंद्रातले वकील तरुण होते, मात्र खुर्चीत पार रुतलेले. खुर्ची नवी होती, फिरती, पाठीला उशी असलेली. त्यांनी कागद नीट वाचले.

"केस चांगली आहे," ते म्हणाले. "सगळ्या पावत्या आहेत. हरायचं कारणच नाही."

"मग गुरुवारी अकराला या," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? कोर्टात!"

वकील कसनुसं हसले. "मी कोर्टात जात नाही, बाई. अकरा वाजता ही खुर्ची सोडायची नाही, असा वरून हुकूम आहे. आणि कोर्टात पुकारा अकरालाच होतो."

"असला अक्कलशून्य हुकूम काढला कुणी?"

"मंत्रालयानं. कुणी एक म्हातारी रोज अकराला फोन करते म्हणे, वकील जागेवर आहेत का. नसलो, की मंत्र्यांची अब्रू जाते. म्हणून वाढीव निधीतून सगळ्यात आधी ही खुर्ची आली."

बाईंनी मान खाली घातली.

"ती म्हातारी म्हणजे आमची ताई," धाकटी म्हणाली.

वकिलांनी खुर्ची बाईंकडे फिरवली. मग ते पुढे वाकले. "मग प्रश्नच मिटला! गुरुवारी तेवढा फोन करू नका. मी येतो कोर्टात."

"फोन होणार," बाई म्हणाल्या.

"ताई!"

"बहिणीसाठी एक दिवस गाळला, तर बाकीच्या खुणांना काय अर्थ राहिला?" हे बोलताना बाईंना स्वतःचीच भयंकर लाज वाटत होती, पण शब्द मागे घेता येईनात.

"लाल खूण लागली तर मला नोटीस येईल," वकील म्हणाले.

"मी तुमच्या बाजूनं लिहीन."

"कुठं लिहाल? तुमच्याकडे खुणाच दोन."

वकिलांनी थोडा वेळ उशी चाचपली आणि मग धाकटीची फाइल स्वतःकडे ओढून घेतली.

गुरुवारी अकराला बाईंनी फोन लावला. केंद्रातला शिपाई चाचरत म्हणाला, "वकील जागेवर नाहीत, बाई. कोर्टात गेलेत." कोर्टासाठी रकाना नव्हता. बाईंनी लाल खूण केली.

दीडला धाकटीचा फोन आला. "ताई, दुकान राहिलं गं! पाच मिनिटांत! ते नुसते उभे राहिले आणि मालकाचा वकील गडबडलाच!" दोघी बहिणी फोनवरच हसल्या आणि रडल्या.

शुक्रवारी बातमी आली, सत्तेचाळिसावं वचन मोडलं. संध्याकाळपर्यंत वकिलांना नोटीस गेली, सोबत पुरावा म्हणून बाईंची लाल खूण. बाईंनी त्यांच्या बाजूनं मंत्रालयाला चार पानी पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. तिथल्या साहेबांनी ते न उघडता बाईंच्या दक्षतेबद्दल आभार मानले.

शनिवार-रविवार बाईंना जेवण गेलं नाही. सोमवारी त्यांनी चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं, आपलाच प्रश्न खोडला आणि त्याच्या वर नवा लिहिला. अकरा वाजता फोन लावला.

"वकील कुठं आहेत?"

"जागेवर आहेत, बाई!" शिपाई उत्साहानं म्हणाला. "नोटीस आल्यापासून खुर्चीतून हललेच नाहीत!"

बाईंनी लाल पेन उचललं.