शिवून टाका गं

शिवणघरात पॉडकास्ट ऐकायचे काही नियम होते, आणि ते कुणी ठरवून केलेले नव्हते. खिडकीच्या फळीवर जुना स्पीकर आणि त्याला वायरने जोडलेला मास्तरबाईंचा फोन. बोलणारा रंगात आला की एकेक बाई पायडलवरचा पाय उचलायची. सगळी मशिनं थांबली, की समजायचं गड्याने मैदान मारलं. पण कुणी उगाच पाल्हाळ लावला, नाकाने कांदे सोलायला लागला, की काजबटणवाली ओरडायची, "शिवून टाका गं याला!" मग सगळ्याजणी एकदम पायडल दाबायच्या आणि तो शहाणा घरघराटात गडप व्हायचा.

अशा रीतीने गणवेश शिवता शिवता या बायका ज्वालामुखी शिकल्या, कागद कसा जन्माला आला ते शिकल्या, झोपेत मेंदू काय उद्योग करतो तेही शिकल्या. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे ऐकून ओव्हरलॉकवाली म्हणाली होती, "आमच्या ह्यांना एकच दिलंय, तेही कोरं करकरीत आहे." त्या दिवशी हसण्यात दोन बाह्या उलट्या लागल्या.

मास्तरबाई कापायचं काम करायच्या आणि कॉलरी स्वतः शिवायच्या. कॉलरीला दुसऱ्या कुणाचा हात त्यांना खपत नसे. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिला एकच काम मिळायचं. जुन्या शर्टाची कॉलर उसवायची आणि पुन्हा लावायची. मग पुन्हा उसवायची. असं का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मास्तरबाईंची धाकटी बहीण लोकांच्या मनाच्या अडचणी सोडवायची. तिचा स्वतःचा पॉडकास्ट होता आणि मास्तरबाईंना त्याचा कोण अभिमान! धाकटीचा नवा भाग आला की बाकी सगळे पॉडकास्ट बाजूला. बायकाही ऐकायच्या, कधी मनापासून तर कधी मास्तरबाईंच्या भिडेखातर.

त्या दिवशी सकाळीच धाकटीचा निरोप आला होता, "ताई, आजचा भाग ऐकच." जेवणं उरकून बायका मशिनवर बसल्या आणि मास्तरबाईंनी तो लावला.

"आज मी तुम्हाला माझ्या नात्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहे," धाकटीचा आवाज आला. कसा साखर पेरलेला आवाज! "त्यांचं नाव नको घ्यायला. त्यांचा नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. रोज. आणि त्या दिवसभर काय करायच्या ठाऊक आहे? त्याच्या एका जुन्या शर्टाची कॉलर उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या."

ओव्हरलॉकवालीचं मशीन थांबलं. मग काजबटणवालीचं. मग एकेक करून सगळ्यांची. मास्तरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, तेही गळ्यात पडून रडताना. त्यांनी मान वर केली नाही. कॉलर संपली तरी त्या शिवतच राहिल्या, टाक्यावर टाका घालत. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि बघत नाही आहोत हे सगळ्याजणी इतक्या मेहनतीने दाखवत होत्या की बघितलेलं परवडलं असतं.

"आणि दुःखाची गोष्ट म्हणजे," धाकटी उसासा टाकून म्हणाली, "त्यांनी कधी मदतच मागितली नाही. एकही दार ठोठावलं नाही. मैत्रिणींनो, दार ठोठावा. कुणीतरी उघडेल."

भाग संपला. मास्तरबाईंचं एकटीचं मशीन चालू होतं. एरवी त्या मूग गिळून बसल्या असत्या. घरातलं घरातच झाकलेलं राहावं, असं वागण्यातच त्यांचा जन्म गेला होता. पण हे शेवटचं वाक्य! ते त्यांच्या घशाखाली उतरेना.

तेवढ्यात फोन वाजला. स्पीकर जोडलेला असला की फोनही त्यातूनच बोलायचा, म्हणून मास्तरबाई नेहमी आधी वायर उपटायच्या आणि मग बोलायच्या. आताही त्यांचा हात वायरीकडे गेला. मग तो थांबला आणि त्यांनी तसाच फोन घेतला.

"ताई, ऐकलंस ना?" सगळ्या शिवणघरात धाकटीचा आवाज घुमला. "अगं, निरोपांवर निरोप येतायत! बायका रडल्या म्हणे ऐकून."

"माझं घर चव्हाट्यावर मांडायला तुला कुणी सांगितलं?"

"नाव घेतलंय का मी? आणि यात लाजण्यासारखं काय आहे गं? तुझ्यामुळे कितीतरी जणींना बळ मिळतंय."

"एकही दार ठोठावलं नाही, म्हणालीस."

"ते मी आपलं... सर्वसाधारण बोलले."

"तुझं दार हिरवं होतं," मास्तरबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तो कुलूप लावायला विसरला, म्हणून मी पिशवी घेऊन तुझ्याकडे आले. तू साखळीसुद्धा काढली नाहीस. फटीतून बोललीस. काय बोललीस, सांग."

"ताई, आत्ता कशाला ते..."

"बोलायचाच धंदा आहे ना तुझा? मग बोल की!"

"आमच्याकडे पाहुणे होते गं त्या दिवशी. सासरची माणसं..."

"'थोडं सांभाळून घे, ताई. आज नको.' असं म्हणालीस तू. तो यायच्या आत घरी पोचायचं म्हणून मी धावत परत गेले. त्यानंतर वर्षानुवर्षं कॉलरी उसवत बसले. सगळं सांगितलंस लोकांना. माझं कुलूप सांगितलंस, माझी कॉलर सांगितलीस. तुझी साखळी बरी विसरलीस!"

ओव्हरलॉकवालीने पदर तोंडाला लावला. काजबटणवाली मात्र मास्तरबाईंकडे सरळ बघत होती, आणि तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

स्पीकरमधून खाकरण्याचा आवाज आला. धाकटी पुन्हा बोलायला लागली तेव्हा तिचा तो मघाचा, पॉडकास्टमधला आवाज परत आला होता. "ताई, तुझा राग मी समजू शकते. असा राग येणं अगदी स्वाभाविक आहे. आता आपण दोघी मिळून एक दीर्घ श्वास घेऊ या. नाकाने आत..."

मास्तरबाईंनी मशीनवरची कॉलर ओढून हातात घेतली.

"शिवून टाका गं हिला!" काजबटणवाली ओरडली.

सगळ्या पायडलांवर एकदम पाय पडले. स्पीकर फळीवर थरथरला. धाकटी काहीतरी म्हणत होती, ताई म्हणाली असेल किंवा हॅलो म्हणाली असेल, पण त्यातलं अक्षर कळेना. मास्तरबाईंनी फोन बंद केला नाही. पायडलवरून पाय काढून, हातातली कॉलर मुठीत आवळून, त्या ढसाढसा रडत बसल्या. कुणी उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. काजबटणवालीच्या सुईखाली तर कापडच नव्हतं, तरी ती दात-ओठ खाऊन पायडल दाबतच राहिली.