चौथा नंबर

जर्ट्रूडने गाडीच्या काचा वर केल्या आणि फोनवर लीगचा तक्ता पुन्हा उघडला. मैदान शंभर पावलांवर होतं, पण तिकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी रग्बीच्या मॅचमध्ये बॉलवर झेपावताना तिच्या लेकीच्या, ॲबिगेलच्या, कानशिलावर कुणाचा तरी गुडघा बसला होता. घरी येऊन ती दोनदा ओकली. डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आली. "ऑल गुड," म्हणाली. वर बजावलं, "मम्मा, टीममध्ये कुणाला बोलू नकोस हं. बसवून ठेवतील मला."

जर्ट्रूड बोलली नाही. तेव्हापासून पहाटे उठून ती लेकीच्या दाराशी उभी राही, आतला श्वास ऐकू येईपर्यंत.

आज शेवटची फेरी. युनीच्या, म्हणजे ॲबिगेलच्या युनिव्हर्सिटीच्या, मुली चौथ्या होत्या, आणि पहिले चार संघ सेमीफायनलला जाणार होते. आपण हरलो आणि पाचव्या नंबरची टीम जिंकली, तर सीझन इथेच संपणार होता. आयुष्यात पहिल्यांदा जर्ट्रूडने सकाळी लेक हरावी म्हणून रोजरीची माळ जपली होती.

मैदानावरचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने तक्ता बदलला. अकरा पॉइंटांनी हार. तिने डोळे मिटले, उघडले. पाचव्या नंबरची टीमही हरली होती. युनी चौथीच. बाहेर मुलींचा एकच गलका उठला.

म्हणजे अजून एक मॅच. गाडीचं दार उघडून जर्ट्रूड तडक ब्रेंडाकडे गेली. ब्रेंडा टीमची मॅनेजर, त्यांच्याच चर्चमधली.

"ब्रेंडा, पुढच्या मॅचला ॲबीला घेऊ नकोस. तिला मागे लागलं होतं ना..."

"अगं, आज तरी कुठे खेळली ती?" ब्रेंडा म्हणाली. "गुरुवारी तिनेच येऊन सांगितलं, वाचताना अक्षरं हलतात म्हणून. सोमवारी स्कॅन आहे ना? तू असशीलच सोबत."

स्कॅनचं जर्ट्रूड आत्ताच ऐकत होती.

"हो. आहे ना मी."

बाकावर ॲबिगेल कपाळावर टोपी ओढून एकटीच बसली होती.

"मम्मा! वी आर स्टिल फोर्थ! पाहिलंस?"

"पाहिलं." जर्ट्रूड तिच्या शेजारी टेकली. "सोमवारी किती वाजता निघायचं?"

ॲबिगेलचं हसू ओसरलं. ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"एट थर्टी," ती म्हणाली, इतक्या बारीक आवाजात की ऐकायला जर्ट्रूडला वाकावं लागलं.